जंत नव्हे, शंटची नळी

लहान मुलाच्या शौचाच्या जागेतून पांढरी दोरी लोंबताना दिसली की घरातली थोरली बाई म्हणते, जंत पडला. पण त्याच मुलाच्या कानामागे कातडीखाली टणक उंचवटा लागत असेल, तर ती बहुधा शंटची, म्हणजे मेंदूतलं जादा पाणी पोटात उतरवायला बसवलेली नळी. दुर्मीळ गोष्ट आहे, पण घडते.

मोठ्या माणसात मेंदूभोवतीचं पाणी दिवसाला साधारण 500 मिलीलिटर तयार होतं आणि एका वेळी असतं फक्त दीडशेच्या आसपास. त्याची वाट तुंबली की बाळाचं डोकं वाढतं. (त्यात कुणाचा कोप नसतो, अंगाऱ्याने ते उतरतही नाही.) मग एक बारीक नळी कातडीखालून पोटाच्या पोकळीत सोडतात. वाटेत पाणी उलटं जाऊ न देणारी झडप. 1956 साली वापरात आलेली अशी एक झडप अमेरिकेतल्या जॉन होल्टर या कारागिराने स्वतःच्या मुलासाठी घडवली होती.

मूल उंच होणार, म्हणून पोटात नळी मुद्दाम लांब ठेवतात. तिचं टोक आतड्याच्या एकाच जागी टेकून राहिलं, तर तिथे सूज येते, टोक चिकटतं आणि महिनोन् महिने घासून भिंतीतून आत शिरतं. गंमत अशी की शरीर नळीभोवती तंतूंचं म्यान विणत असतं, त्यामुळे भोक बुजलेलंच राहतं. विष्ठा पोटात सांडत नाही, पोट दुखेलच असं नाही. पुढे अन्न ढकलणाऱ्या आतड्याच्या लाटा नळीलाही खाली ढकलतात.

धोका उलट्या दिशेने येतो. झडप पाणी अडवते, जंतूंना नाही; ते नळीच्या अंगावर चिकट थर करत वर सरकतात. म्हणून शंट असलेल्या मुलाला ताप आला आणि मेंदूच्या पाण्यात ई. कोलाय हा आतड्यातला जंतू सापडला, तर नळी दिसत नसली तरी डॉक्टर आतड्याकडे संशयाने बघतात. उलट्या, गुंगी ही लक्षणं नळी तुंबल्याचीही असतात. तेव्हाही सकाळची वाट बघू नये.

नळी दिसली तर ओढायची नाही, आत ढकलायची नाही, थेट न्यूरोसर्जनकडे जायचं. ते नळी वर कापतात आणि खालचा तुकडा शौचाच्याच वाटेने काढतात, कारण घाण टोक पोटातून मागे ओढलं तर स्वच्छ पोकळी नासेल. वरचा भागही काढतात. पोटात पू नसेल तर बहुतेकदा पोट उघडावं लागत नाही. मग अँटिबायोटिक्स, आणि पाणी निर्जंतुक झाल्याची खात्री पटली की नवा शंट. तोवर मेंदूतलं पाणी खाटेशेजारच्या पिशवीत. ती पिशवी नर्स पट्टीने उंची मोजून टांगते. झाडू मारताना कुणी ती हातभर खाली सरकवली, तर पाणी भसाभसा उतरतं.