इंजिनाचा मूळ रंग : गाडी धुण्याआधी हे वाचा

जुन्या गाडीचं इंजिन मूळ रंगात रंगवून घ्यायला आमच्याकडे आणण्याआधी ते धुऊन चकचकीत करायचा मोह होतो. कृपया तो आवरा. प्रेशरची धार, कॉस्टिक सोडा, सँडब्लास्टिंग यांनी काजळी जाते आणि तिच्यासोबत मूळ रंगही जातो. ग्रीस-मातीचा थर जेवढा जुना, तेवढा खालचा रंग शाबूत.

आधी आरसी बुकातला इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी ताडून पाहा. अँबॅसडर आणि जीपमध्ये नंतर डिझेल इंजिन बसवलेलं सर्रास आढळतं. तिथे गाडीचं साल धरून रंग शोधण्यात अर्थ नाही. ब्रिटिश गाडीचं इंजिन सोनेरी निघालं तर कुणाची हौस म्हणून खरवडू नका. बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) ही कंपनी स्वतः रीकंडिशन केलेली ‘गोल्ड सील’ इंजिनं सोनेरीच रंगवायची.

मूळ रंग आडबाजूला टिकतो : डायनॅमोच्या ब्रॅकेटमागे, पाण्याच्या पंपाखालच्या खाचेत, स्टार्टरच्या मागच्या अंगाला. बोल्टच्या वायसरखालीही बघा. तिथे कोरा धातू असेल आणि रंग बोल्टच्या डोक्यावरून, गॅस्केटच्या कडेवरून सलग गेला असेल, तर इंजिन जोडून झाल्यावर रंगवलेलं आहे. मग नवा रंगही तसाच मारायचा. बोल्ट वेगळे चमकवले की ते नकली दिसतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळचा (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळाजवळचा) नमुना मात्र घेऊ नका, तिथे उष्णतेनं रंग करपून तपकिरी होतो. तेल मुरलेल्या फिकट राखाडी रंगावरही पिवळी झाक चढते. हळदीच्या सांगलीत ती ओळखायला अडचण नसावी!

2019 च्या महापुरात बुडालेल्या गाड्यांत ब्रॅकेटमागे गाळ बसून ओल धरते आणि रंगाखालून गंज फुगतो. असा पोपडा स्क्रूड्रायव्हरनं उडवू नका, बांबूच्या कामटीनं अलगद सोडवा आणि उलटा करून पाहा. सगळ्यात जुना थर त्याच्या पाठीवर असतो. पोपडा काड्यापेटीत ठेवून, इंजिनाच्या कोणत्या भागावरचा ते लिहून आणा.

पोपडा नसेल तर रुपयाएवढी जागा रॉकेलनं, मग साबणाच्या पाण्यानं स्वच्छ करा. 1000 नंबरचा वॉटर पेपर ओला करून हलक्या हातानं गोल फिरवा. कांद्याच्या चकतीसारखी थरांची वलयं दिसतात. धातूला लागून असलेलं वलय सर्वांत जुनं. कोरडं घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

चूक इथेच होते. धातूला लागून लाल दिसलं की ‘मूळ रंग लाल’ असं ठरवून टाकतात. रेड ऑक्साइड प्रायमर खडूसारखा मंद असतो, रबिंग कंपाउंड लावूनही चमकत नाही. वरचा रंग चमक धरतो. सुरुवातीच्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं इंजिन खरोखरच गडद लाल असायचं, म्हणून ही परीक्षा टाळू नका.

नुसत्या कंपनीच्या नावावरून रंग सांगता येत नाही. शेव्हरोलेचं 1940 च्या दशकातलं सहा सिलिंडरचं इंजिन राखाडी, तर 1955 चं व्ही-8 नारिंगी. फोर्ड मॉडेल-ए चं हिरवं.

रंग जुळवताना आम्ही रंग मोजणाऱ्या मशीननं तीन वेळा रीडिंग घेतो. पण शेवटचा निकाल डोळ्याचा, तोही दुपारी सावलीत. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उजेडात वेगळे दिसू शकतात. तयार रंग पत्र्याच्या तुकड्यावर मारून तासभर 100 अंशांवर तापवतो, कारण काही छटा तापल्यावर सरकतात. तुकडा तुम्ही पसंत केल्यावरच इंजिनाला हात लावतो.

1500 सीसीच्या चार सिलिंडरला साधारण अर्धा लिटर इंजिन इनॅमल पुरतं. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात बरे. जाड हात कडेला ओघळतो आणि गरम झाल्यावर सुटतो. आरशासारखी चमक मागू नका, कारखान्यातून निघालेल्या इंजिनाला तेवढी चमक बहुधा नसायची. मॅनिफोल्डवर हा रंग टिकत नाही, त्याला 600 अंश सोसणारा वेगळा लागतो. जून ते सप्टेंबर दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते, म्हणून फवारणीची कामं आम्ही दिवाळीच्या सुमारास घेतो. नमुना पावसाळ्यातही आणून दिलात तर चालेल.