गोधडी आणि कांथा : धावदोरा एकच, बैठक निराळी

ऑनलाइन दुकानांत ‘कांथा क्विल्ट’ म्हणून विकलं जाणारं पांघरूण नीट पाहा. छापील सुती कापडाचे दोन-तीन थर आणि त्यांवर या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ रेघांत घातलेला धावदोरा. यातलं बरंचसं राजस्थानात तयार होतं. घडणीने ते बंगालच्या नक्षी कांथापेक्षा, म्हणजे टाक्यांनी चित्रं भरलेल्या पांघरुणापेक्षा, आपल्या गोधडीच्या जास्त जवळचं. गल्लत होते, कारण गोधडी आणि कांथा दोन्हींचं मूळ सारखंच आहे : धुऊन धुऊन मऊ पडलेली लुगडी, साड्या, धोतरं एकावर एक अंथरायची आणि साध्या धावदोऱ्याने जोडायची. हल्ली मन शांत व्हावं म्हणून अनेकजण हातशिवणीकडे वळतात. त्यांनी तर हा फरक जाणून घ्यायलाच हवा, कारण ही दोन कामं मनाला दोन वेगळ्या जागी नेतात.

गोधडीचे टाके बहुतेकदा कडेने सुरू होतात. आधी चारही बाजू बंद करायच्या, मग कडेला समांतर दुसरी ओळ, तिच्या आत तिसरी, असं चौकोनात चौकोन करत मधोमध पोचायचं. काही घरांत सरळ आडव्या ओळी घालतात, पण रीत तीच. एकदा पहिली ओळ पडली की पुढे ठरवायचं काही उरत नाही; मागची ओळच पुढचीला वाट दाखवते. गोधडीत रंग नसतो असं मात्र नाही. ठिगळांची मांडणी कधीकधी थक्क करणारी असते. पण कुठलं ठिगळ कुठे बसवायचं, हा विचार सुई हातात धरण्याआधीच बराचसा झालेला असतो.

म्हणून शिवताना डोळे सैल सुटतात. सुईवर तीन-चार टाके भरायचे, दुसऱ्या हाताचं बोट कापडाखाली ठेवून सुईचं टोक चाचपायचं, मग दोरा ओढायचा. थर जाड असले की सुई जोर मागते. तो जोर मनगटात, खांद्यात जाणवतो आणि भरकटलेलं लक्ष आपसूक हाताशी परत येतं. श्वासावर लक्ष ठेवा म्हणून कुणी सांगावं लागत नाही, इतकी ती लय पक्की असते.

यात शांतता हवीच, असंही नाही. शेतीची कामं उरकली की ओसरीवर गोधडी अंथरायची आणि घरातल्या, शेजारच्या बायकांनी तिच्या चहूबाजूंनी बसायचं, हीच जुनी पद्धत. तोंडाने गप्पा चालू, हात चालू. थंडीत पांघरायला हवी म्हणूनच गोधडी शिवली जाई; मनाला मिळणारा विसावा त्या कष्टांसोबत येई. ते कष्ट विसरून गोधडीला नुसतं ध्यान म्हणणं मला पटत नाही.

नक्षी कांथा बहुधा मधून फुलतो. थर जमिनीवर ताणून पसरतात, कडा दुमडतात आणि मोठ्या कच्च्या टाक्यांनी सगळं जागच्या जागी धरून ठेवतात. मग मधोमध कमळ, चार कोपऱ्यांत कोयऱ्या किंवा झाडं, उरलेल्या जागेत मासे, हत्ती, पालख्या, घरातल्या वस्तू. दोरा पूर्वी जुन्या साडीच्या काठातूनच काढत, म्हणून जुन्या कांथांत लाल, निळा, काळा हेच रंग जास्त दिसतात. शेवटी मोकळी राहिलेली पार्श्वभूमी अगदी बारीक धावदोऱ्याने भरून काढतात आणि त्यानेच कापडावर त्या सुंदर, लाटांसारख्या सुरकुत्या उठतात.

इथे दर थोड्या टाक्यांनंतर नवा निर्णय घ्यावा लागतो : पाकळी कुठे वळवायची, हत्तीची सोंड किती उचलायची. लक्ष डोळ्यांत एकवटतं. त्यामुळे एखादा मोठा कांथा एकाच बाईच्या हाताखाली कित्येक महिने, कधी वर्षंही चाले आणि तिचं मन त्यात उतरे. कोलकात्याजवळ जोका इथल्या गुरुसदय संग्रहालयात मानदासुंदरी नावाच्या स्त्रीचा एक जुना कांथा आहे. तो आपण वडिलांसाठी केल्याचं तिने टाक्यांनीच लिहून ठेवलंय. पश्चिम बंगालच्या नक्षी कांथाला 2008 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते अशाच हातांच्या वारशाला.

डोकं विचारांनी शिणलेलं असेल, तर माझं मत सरळ गोधडीला. बाळाच्या दुपट्याएवढी लहान घ्या. साडी सुतीच हवी, सिंथेटिकचे थर एकमेकांवरून घसरतात. दोरा हातभरच ओवा, लांब दोरा गुंततो. आणि मन रिकामं, उदास असेल, काहीतरी घडवावंसं वाटत असेल, तर रुमालाएवढ्या कापडावर पेन्सिलीने एक कमळ काढून कांथा सुरू करा. टाके लहान-मोठे पडले तरी उसवू नका.

विकत घेणार असाल तर कापड उलटून पाठ पाहा. धावदोरा पुढे-मागे दोन्हीकडे तुटक दिसतो, टाक्यांची लांबीही किंचित कमी-जास्त असते. साध्या शिलाई मशीनची टीप दोन्ही बाजूंनी सलग, एकसारखी असते.