खासगीपणा आणि पाळत (मुंबई)

आपल्याविषयी कोणाला काय आणि कितपत कळावे हे आपल्या हातात असणे म्हणजे खासगीपणा. कोणीतरी आपल्याला सतत पाहतो, टिपून ठेवतो आणि ती टिपणे आपल्याला दिसत नाहीत, ही पाळत. मुंबईत या दोहोंचा विचार चाळीपासूनच सुरू करावा लागतो.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे 1920 च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींत एका बिऱ्हाडाला सुमारे 160 चौरस फुटांची खोली असे. संडास मजल्यावर सामाईक. दार दिवसभर उघडे, त्यावर पडदा. घरातल्या बाईला लुगडे बदलायचे असले की पुरुष न सांगता गॅलरीत जाऊन उभे राहत. शेजारी पडद्याबाहेर खाकरून मगच आत येई. रात्रीचे भांडण सगळ्या मजल्याने ऐकलेले असे, पण सकाळी नळावर त्याचा विषय निघत नसे. भिंतींनी दिला नाही तो खासगीपणा माणसांनी एकमेकांना दिला. चाळीची नजर निर्मळ होती असे नव्हे. वयात आलेल्या मुलींना आणि जातीबाहेर मन गुंतलेल्यांना तिने फार छळले. तरी तिथे पाहणाराही सर्वांना दिसत असे, आणि गोष्टी विसरल्या जात.

कॅमेऱ्याची नजर वेगळी. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर शहरभर सीसीटीव्हीचे जाळे उभारायचे ठरले आणि 2016 पर्यंत सुमारे 4,700 पोलिस कॅमेरे बसले. मंगळसूत्र खेचणारा सापडतो, हरवलेले मूल मिळते, हा उपयोग खरा आहे. पण पडद्यामागे कोण बसले आहे ते रस्त्यावरच्या माणसाला कळत नाही.

ही एकतर्फी नजर सर्वांत उघडी दिसते ती सोसायटीच्या गेटवर. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा वॉचमन रोज फोटो घेतो, वेळ नोंदतो. काही ठिकाणी निघताना पिशवीही उघडून पाहतात. मावशी आल्याचा संदेश वहिनींच्या फोनवर जातो. वहिनी घरात आहेत की नाहीत, हे मात्र चार जिने चढल्यावरच मावशींना कळते. त्यांचा फोटो किती दिवस राहतो आणि कोण पाहतो, हे त्यांना कोणी सांगत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: कर नाही त्याला डर कशाला? हा युक्तिवाद खासगीपणाला एकट्यादुकट्याची मालमत्ता समजतो, आणि तिथेच चुकतो. अमेरिकन अभ्यासक प्रिसिला रीगन यांनी 1995 मध्ये मांडले की खासगीपणा साऱ्या समाजाच्या उपयोगाचा असतो. मतदान गुप्त असते म्हणून निवडणुकीला अर्थ आहे. डॉक्टर बोलणार नाही याची खात्री असते म्हणून क्षयाचा रुग्ण वेळेवर तपासणीला येतो, आणि त्याचा फायदा त्याच्या डब्यात लोंबकळणाऱ्या शंभर जणांना होतो. 1942 च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून ब्रिटिश सरकारविरुद्ध गुप्तपणे चालणारा काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांना माग लागू नये म्हणून त्याची जागा सारखी बदलावी लागे. नोव्हेंबरमध्ये ते पकडले गेले. आजच्यासारखे दर नाक्यावर कॅमेरे असते, तर त्यांना तेवढे दिवसही मिळाले नसते.

कायद्याने हे मान्य करायला वेळ घेतला. 1954 आणि 1962 च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले नव्हते. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने मानले. त्याच आधारावर ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या संशयावरून एका उद्योजकाचा फोन टॅप करण्याचे तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितले. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता, यांपैकी एकही कारण सरकारला दाखवता आले नव्हते. लाचेचा संशय तेवढ्यासाठी पुरत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. हा निकाल अधिक माहीत असायला हवा.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सरकारी यंत्रणांना मोठी सूट आहे, आणि ती खटकते. पण संमती मागताना माहिती कशासाठी हवी ते सांगितले पाहिजे, आणि ती सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय हवी, असे तो कायदा म्हणतो. मराठी त्या अनुसूचीत आहे. गेटवर रोज फोटो देणाऱ्या मावशींपर्यंत ही सूचना अजून पोचलेली नाही.