‘शॅल’ दिसलं म्हणजे सक्तीच?

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि चहाच्या गाड्यावरही कायद्याचा काथ्याकूट वाढला. त्यात कायद्याच्या इंग्रजीतल्या ‘शॅल’ (shall) आणि ‘मे’ (may) या शब्दांबद्दल एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘शॅल लिहिलंय म्हंजे सक्ती, मे लिहिलंय म्हंजे मर्जी. विषय संपला!’

संपत नाही. राज्यघटनेचं कलम ३२०(३) बघा. सरकारी नोकरावर शिस्तभंगाची कारवाई करताना लोकसेवा आयोगाचा सल्ला घ्यावा, असं तिथं ‘शॅल’ वापरूनच म्हटलंय. तरी १९५७ मध्ये उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की सल्ला घेतला नाही एवढ्यावरून कारवाई रद्द होत नाही. आयोगाचा सल्ला सरकारवर मुळात बंधनकारक नाही, आणि काही बाबी सल्ल्यातून वगळायची सोय त्याच कलमात आहे. म्हणजे कोर्ट क्रियापदाशी थांबत नाही. तरतूद कशासाठी आहे, ती मोडल्यास काय होईल, हेही बघतं. उलटही घडतं: ‘मे’नं दिलेला अधिकार कधीकधी कर्तव्य ठरतो.

शाळेतला ‘आय-वीला शॅल, बाकीच्यांना विल’ हा नियम वेगळाच. तो १६५३ च्या जॉन वॉलिसच्या इंग्रजी व्याकरणातला. आजच्या बोलण्यात तो फारसा कुणी पाळत नाही.

पण हे वाचून घरमालकाशी हुज्जत घालायला जाऊ नका. भाडेकरारात ‘भाडेकरू शॅल पे’ असेल, तर भाडं द्यायचंच आहे. तिथं चहागाडीवाल्यांचं बरोबर आहे.