उन्हाळ्यातील ट्राउट मासेमारी, मॉन्टॅना

ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. अमेरिकेच्या मॉन्टॅना राज्यात मॅडिसन, बिग होल, जेफरसन, यलोस्टोन या नद्यांवर तो कृत्रिम माशी लावलेल्या गळाने धरतात. या छंदाला फ्लाय फिशिंग म्हणतात. पिसे, केस आणि दोरा गळाच्या आकड्यावर गुंडाळून केलेल्या या ‘माशी’ला वजन जवळजवळ नसतेच. ती फेकली जाते ती जाड, जड दोरीच्या झोक्याने, शिशाच्या वजनाने नव्हे. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत नदी तापते आणि माशाला धरून जिवंत सोडणे अवघड होऊन बसते.

त्याचे कारण पाण्यातला प्राणवायू. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सिअस पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, २० अंशांना तो ९ वर येतो. उलट थंड रक्ताच्या माशाची गरज उष्णतेबरोबर वाढत जाते. म्हणजे आवक घटते त्याच वेळी खर्च वाढतो. पाणी २० अंशांच्या आसपास गेले की जाणते लोक गळ गुंडाळतात. २५ अंशांजवळ तर ट्राउटच्या जिवावर बेतते. ब्राउन ट्राउट थोडा काटक, कटथ्रोट ही ट्राउटची दुसरी जात त्यामानाने नाजूक. गळाशी झुंजून दमलेला मासा सोडताना ठणठणीत दिसतो, पण तासाभराने खालच्या डोहात उलटा तरंगू शकतो. ते पाहायला कोणी थांबत नाही.

पाणी तीन दिवस सलग ७३ अंश फॅरनहाइटवर (सुमारे २२.८ सेल्सिअस) गेले की राज्याचे मत्स्य खाते दुपारी २ ते मध्यरात्र मासेमारी बंद ठेवू शकते. या बंदीला ‘हूट आउल’, म्हणजे घुबडाची बंदी, म्हणतात. कोरड्या उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने लाकूडतोडे पहाटेच कामाला लागत, तेव्हा घुबडे घुमत असत. तिथून हे नाव आले असे सांगतात. बंदीत संध्याकाळही धरण्यात चूक नाही. सूर्य कलला की हवा लगेच निवते, नदी मात्र दिवसभराची ऊब धरून बसते. तिचे पाणी सर्वांत गार मिळते ते पहाटे. नवखा सावलीत बसून तापमानाचा अंदाज बांधतो आणि फसतो. खिशात साधा तापमापक हवा.

पहाटे ट्रायको नावाच्या इवल्याशा मेफ्लाय (पाण्यात वाढणारे नाजूक पंखांचे कीटक) पाण्यावर पडतात, तेव्हा तशीच बारीक माशी लागते. ऊन चढल्यावर काठच्या गवतातून वाऱ्याने उडून पडणारे नाकतोडे, मुंग्या आणि भुंगेरे यांच्या नकला चालतात. गवताची कापणी सुरू असली की नाकतोड्यांची चंगळ होते. मासे खळाळत्या, फेसाळ पाण्यात किंवा थंड ओढा मिळतो त्या तोंडाशी गोळा होतात. अशा जागी त्यांना गाठणे सोपे असते, आणि म्हणूनच न गाठणे बरे. धरायचाच तर दोरा जाड वापरावा, म्हणजे झुंज लांबत नाही. आकड्यावरचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकावा. मासा पाण्यातच ठेवून सोडावा. त्याला हवेत उचलून फोटो काढण्याची हौस काही सुटत नाही.

ऑगस्ट २०१६ मध्ये यलोस्टोन नदीत एका परजीवीमुळे होणाऱ्या मूत्रपिंडाच्या रोगाने हजारो मासे मेले. त्यांत बहुतेक माउंटन व्हाइटफिश होते. कमी आणि कोमट पाण्याने रोगाला हातभार लावला. नदीचा १८३ मैलांचा पट्टा आणि तिच्या उपनद्या काही काळ पूर्ण बंद झाल्या. राफ्ट आणि पोहणाऱ्यांनाही मज्जाव होता.

याउलट बिगहॉर्न नदीवरच्या यलोटेल धरणातून जलाशयाच्या खोल थरातले पाणी सुटते, ते भर उन्हाळ्यातही गार असते. बाकीच्या नद्या दुपारी बंद झाल्या की गळवाल्यांच्या गाड्या तिकडे वळतात.