रिकामी खुर्ची, भरलेली थैली

२०१७च्या जुलैत केनियाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची डिबेट नैरोबीतल्या कॅथलिक विद्यापीठात ठेवली होती. सत्तेतले अध्यक्ष उहुरू केन्याटा तिकडे फिरकलेच नाहीत. विरोधी नेते राइला ओडिंगा एकटेच मंचावर उभे राहिले आणि टीव्हीवर साऱ्या देशासमोर प्रश्नांना उत्तरं देत राहिले. पाच वर्षांनी, २०२२च्या जुलैत, त्याच विद्यापीठात पुन्हा मंच लागला. या वेळी एकटे उभे होते दुसरे उमेदवार विल्यम रुटो. दांडी मारणारे होते राइला ओडिंगा.

पाच वर्षांत ओडिंगांचा चर्चेवरचा विश्वास उडाला असेल असं मला वाटत नाही. त्यांना तिची गरज उरली नव्हती. २०१७मध्ये ते पाठलाग करत होते. २०२२मध्ये खुद्द केन्याटांनीच त्यांना पाठिंबा दिला होता आणि बहुतेक जनमत चाचण्यांत ते पुढे होते. (निवडून मात्र रुटो आले, ही गोष्ट वेगळी.)

हे गणित जगभर सारखंच चालतं. कसोटीत मोठी आघाडी घेतलेला संघ शेवटच्या दिवशी उगाच पुढे सरसावून फटके मारत नाही. धोका पत्करतो तो पिछाडीवरचा. अमेरिकेत २६ सप्टेंबर १९६० रोजी केनेडी आणि निक्सन यांची पहिली टीव्ही डिबेट झाली. त्या निवडणुकीनंतर पुढची सोळा वर्षं राष्ट्राध्यक्षपदाची डिबेट झालीच नाही. सगळ्या उमेदवारांना समान वेळ देण्याचा प्रक्षेपण कायदा आड येत होता हे खरं, पण तो बाजूला ठेवण्याची घाईही पुढे असलेल्यांना नव्हती. १९६४मध्ये जॉन्सन भक्कम आघाडीवर होते. १९६८ आणि १९७२मध्ये निक्सन आघाडीवर होते, आणि १९६०च्या डिबेटनंतर हरल्याचा चटका ते विसरले नव्हते. १९७६मध्ये ही परंपरा पुन्हा सुरू झाली ती सत्तेतल्या जेराल्ड फोर्ड यांनीच आव्हान दिल्यामुळे. कारण साधं होतं: तेव्हा चाचण्यांत फोर्ड जिमी कार्टर यांच्या बरेच मागे होते.

आपल्याकडे मे २०२४मध्ये दोन माजी न्यायमूर्ती आणि एका ज्येष्ठ संपादकांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं होतं. विरोधकाने होकार दिला, चर्चा झाली नाही. पक्षांची अदलाबदल केली असती तरी निकाल बहुधा हाच लागला असता.

पण नेते ज्याला इतके घाबरतात, त्या डिबेटने मतं फिरतात तरी का? कॅरोलिन ल पेनेक आणि व्हॅन्साँ पॉन्स यांनी दहा देशांतल्या ६२ निवडणुका आणि ५६ टीव्ही डिबेट तपासल्या. त्याच मतदारांना निवडणुकीआधी आणि नंतर विचारलेल्या प्रश्नांची माहिती त्यांच्या हाताशी होती. शेवटच्या दोन महिन्यांत १७ ते २९ टक्के मतदार आपलं मत पक्कं करतात, असं त्यांना दिसलं. डिबेटचा त्यावर परिणाम मात्र सापडला नाही. टीव्ही, वर्तमानपत्रं, पक्षाचे कार्यकर्ते, घरातल्या गप्पा यांनी माहितीचा इतका मारा झालेला असतो, की त्यात दीड तासाचा कार्यक्रम फारशी भर घालत नाही.

मग जिथे माहितीच पोचत नाही, तिथे काय होतं? सिएरा लिओन हा पश्चिम आफ्रिकेतला छोटा, गरीब देश. अकरा वर्षांचं यादवी युद्ध तिथे २००२मध्ये संपलं. दक्षिणेत एक पक्ष, उत्तरेत दुसरा; जमात पाहून मत द्यायचं, अशी रीत. अनेक मतदारांना आपल्या उमेदवाराचं तोंडही माहीत नसतं. २०१२च्या संसदीय निवडणुकीआधी ‘सर्च फॉर कॉमन ग्राउंड’ या संस्थेने तिथल्या उमेदवारांना एकत्र बसवून डिबेट घेतल्या आणि चित्रित केल्या. सगळ्यांना प्रश्न तेच, वेळ सारखा. केली बिडवेल, कॅथरिन केसी आणि रेचल ग्लेनर्स्टर यांनी हा प्रयोग आखला होता.

प्रयोगाची मेख सोडतीत होती. चुरशीचे २८ मतदारसंघ निवडले आणि त्यांपैकी १४ सोडतीने काढून फक्त तिथेच डिबेट घेतल्या. मग त्या चौदांतली २२४ मतदान केंद्रं घेतली आणि पुन्हा सोडत काढून ११२ ठिकाणी त्या चित्रफिती गावकऱ्यांना पडद्यावर दाखवल्या. इतका खटाटोप कशासाठी? नेत्यांनाच ‘येता का?’ म्हणून विचारलं असतं, तर कामसू आणि बोलके तेवढे आले असते. पुढे त्यांनी चांगलं काम केलं, तर ते डिबेटमुळे की मुळातच ते तसे होते म्हणून, हे कधीच कळलं नसतं. सोडतीत तसं होत नाही. दोन्ही गटांत बोलके आणि घुमे, कामाचे आणि बिनकामाचे साधारण सारखेच पडतात. नवीन औषध तपासताना रुग्णांचे दोन गट करतात ते याच कारणाने.

चित्रफीत दाखवलेल्या गावांत लोकांना उमेदवारांबद्दल आणि खासदाराच्या हाती येणाऱ्या निधीबद्दल जास्त माहिती होती. डिबेटमध्ये सरस ठरलेल्या उमेदवाराचा एकूण मतांतला वाटा तिथे सुमारे पाच टक्के-बिंदूंनी वाढला. उमेदवारही गप्प बसले नाहीत. ज्या गावांत चित्रफिती फिरल्या, तिथे त्यांनी प्रचारावर जास्त पैसा ओतला. तिथली मतं आता हलू शकतात हे त्यांनी ओळखलं.

मला सगळ्यात रस वाटतो तो निवडणूक संपल्यानंतरच्या भागात. अभ्यासकांनी अठ्ठावीसही खासदारांचा नंतर माग ठेवला: मतदारसंघात कितीदा आले, विकासनिधी कुठे गेला. डिबेटला बसलेले खासदार लोकांत जास्त मिसळले, आणि पहिल्या वर्षात मतदारसंघाच्या कामांवर त्यांनी केलेला, दाखवता येईल असा खर्च इतरांच्या सुमारे अडीच पट होता. अठ्ठावीस ही संख्या लहान आहे, तेव्हा ‘अडीच’ हा आकडा दगडावरची रेघ समजू नये. तरी दिशा स्पष्ट आहे. चारचौघांत, कॅमेऱ्यासमोर शब्द दिला की तो मोडणं जड जातं.

आता थैलीकडे वळू.

‘ज्याचा पैसा त्याची निवडणूक’ असं आपण सहज म्हणून जातो. संशोधकांना हे सिद्ध करताना घाम फुटतो. जास्त खर्च करणारे जास्त जिंकतात हे दिसतंच, पण जो जिंकणार असं दिसतं त्याच्याकडेच देणग्या धावतात. मग पैशाने विजय आला की विजयाच्या वासाने पैसा? स्टीव्हन लेविट यांनी १९९४मध्ये यावर एक छान तोड काढली. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहासाठी १९७२ ते १९९० या काळात तेच दोन उमेदवार एकापेक्षा जास्त वेळा भिडले, अशाच लढती त्यांनी निवडल्या. माणसं तीच, मतदारसंघ तोच, बदलला तो खर्च. एक लाख डॉलर जादा ओतल्यावर पदरात पडलेली मतं: एक टक्क्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी.

अमेरिकी बाजारात मत इतकं महाग आणि बेभरवशाचं असेल, तर शहाणे धनिक पैसे का देतात?

जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी २०१३मध्ये केलेला प्रयोग याचं उत्तर देतो. एका राजकीय संघटनेला एका विधेयकासाठी अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांच्या भेटी हव्या होत्या. १९१ सदस्यांच्या कार्यालयांना ईमेल गेले. मजकूर जवळपास एकच. फरक एवढाच, की सोडतीने निवडलेल्या काही कार्यालयांना लिहिलं ‘मतदारसंघातले काही मतदार भेटू इच्छितात’, आणि उरलेल्यांना लिहिलं ‘मतदारसंघातले काही देणगीदार भेटू इच्छितात’. भेटायला येणारे सगळेच खरे देणगीदार होते, म्हणजे थाप कुणालाच मारलेली नव्हती. पण ‘मतदार’ म्हटल्यावर फक्त २.४ टक्के कार्यालयांत स्वतः सदस्य किंवा त्यांचा मुख्य अधिकारी भेटला. ‘देणगीदार’ म्हटल्यावर १२.५ टक्क्यांत. बाकी ठिकाणी खालच्या माणसांनी बोळवण केली, किंवा भेटच झाली नाही. कुणी लाच मागितली नाही, कुणी दिली नाही. दार कुणासाठी किती उघडायचं, ते एका शब्दावर ठरलं.

ब्राझीलमध्ये तर पुढचं पाऊलही मोजलं गेलं. २००६च्या निवडणुकीत सत्ताधारी वर्कर्स पार्टीचे जे उमेदवार थोडक्यात जिंकले आणि जे थोडक्यात हरले, त्यांना देणगी देणाऱ्या बांधकाम कंपन्यांची टेलर बोआस आणि सहकाऱ्यांनी तुलना केली. उमेदवार जिंकला तर कंपनीला देणगीच्या किमान १४ पट रकमेची जादा सरकारी कंत्राटं मिळत होती. असा परतावा कुठल्या मुदतठेवीत मिळतो? २०१५मध्ये ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांच्या निवडणूक देणग्यांवर बंदी घातली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे रद्द केले, तेव्हा निकालपत्रात हाच धागा होता: देणगी देणाऱ्याची लोकप्रतिनिधींपर्यंत पोच वाढते, म्हणून तो कोण आहे हे मतदाराला कळलं पाहिजे. २०१८पासून तोवर १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले होते, देणाऱ्यांची नावं गुलदस्त्यात ठेवून. आणि हा झाला बँकेतून गेलेला, नोंद असलेला पैसा. लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ९५ लाखांची खर्चमर्यादा आहे, पक्षाला मर्यादाच नाही, आणि प्रत्यक्षात काय होतं ते गल्लीतल्या कार्यकर्त्यालाही ठाऊक असतं.

रोकड कुठेच लिहिलेली नसते. मग ती मोजायची कशी? देवेश कपूर आणि मिलन वैष्णव यांनी त्यासाठी सिमेंट पाहिलं. पुढाऱ्यांचा पैसा बिल्डरांकडे खेळत असेल आणि निवडणुकीच्या तोंडावर तो परत द्यावा लागत असेल, तर साइटवरची कामं मंदावायला हवीत. विधानसभा निवडणुकांच्या वेळी त्या त्या राज्यातला सिमेंटचा खप खरोखरच घटलेला त्यांना आढळला.

दुसरा अभ्यास थेट महाराष्ट्रातला, साखर कारखान्यांचा. संदीप सुखटणकर यांचा हा शोधनिबंध २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. सहकारी कारखान्याचा चेअरमन विधानसभेला किंवा लोकसभेला उभा राहणं आपल्याकडे नवलाचं नाही. सभासद ऊस घालतो, काट्यावर वजन होतं, पहिली उचल मिळते आणि पुढचा भाव संचालक मंडळ ठरवतं. सुखटणकरांनी निवडणूक लढवणाऱ्या चेअरमनचे कारखाने आणि इतर कारखाने यांचे वर्षावर्षाचे दर शेजारी मांडले. पाऊस दोघांनाही सारखा, साखरेचा बाजार सारखा. तरी निवडणुकीच्या वर्षात पुढाऱ्यांच्या कारखान्यांचा उसाचा दर घसरत होता. कारखान्यातला पैसा प्रचाराकडे वळतो, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

शेतकरी गप्प का राहतो, याचाही माग त्यांना लागला. चेअरमन निवडून आला की नंतर दर वाढवून भरपाई होत असावी, असं आकडे सुचवत होते. म्हणजे ऊस घालणारा सभासद न विचारता घेतलेलं कर्ज देतो, आणि त्याची परतफेड निकालावर लटकलेली असते. चेअरमन पडला तर वसुली कुणाकडे करायची? निवडणूक आयोगाला सादर होणाऱ्या देणगीदारांच्या यादीत या सभासदाचं नाव नसतं. त्याच्या बिलावर दिसतो तो टनामागे कमी पडलेला भाव, आणि तोही त्याने शेजारच्या कारखान्याचा दर पाहिला तरच.