प्राचीन इजिप्तचे काचमणी

इजिप्तच्या थडग्यांमधले निळे मणी बघितले की आपण सरळ काच म्हणून मोकळे होतो, पण त्यातले बहुतेक काचेचे नसतातच, ते फेयन्सचे असतात. गारगोटीची पूड, थोडा चुना, खार (म्हणजे क्षार) आणि रंगासाठी तांबं हे पाण्यात मळून मणी वळायचा, तो वाळताना खार आपोआप वर येतो आणि भट्टीत त्याचाच चकचकीत निळा-हिरवा थर बनतो. हे काम इ.स.पू. ४००० च्या आसपासपासून चालू होतं.

खरी काच मात्र खूप उशिरा आली, इ.स.पू. १५०० च्या सुमाराला, इजिप्तचा राजा तिसरा थुटमोस याच्या सीरियातल्या मोहिमांच्या काळात, आणि ही कला बहुधा तिकडूनच आली. कारागीर तापलेली काच धातूच्या तारेवर गुंडाळायचे, ती मऊ असतानाच वेगळ्या रंगाचे थेंब लावून डोळ्यांसारखी नक्षी काढायचे आणि गार झाल्यावर तार ओढून घ्यायचे, तेच दोरा ओवायचं भोक. अशा मण्यात काचेच्या रेषा भोकाभोवती फिरलेल्या दिसतात, नीट बघा, फार सुंदर दिसतं ते. गडद निळ्यासाठी कोबाल्ट लागायचा, तो खार्गा-दाखला मरूद्यानांकडच्या तुरटीतून मिळायचा, आणि पिवळा रंग शिसं-अँटिमनीचा.

अमार्नात, म्हणजे फॅरो (इजिप्तचा राजा) अखेनातेनच्या राजधानीत, ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ पेट्रीला १८९१-९२ च्या उत्खननात काचकामाचे अवशेष तर मिळालेच, शिवाय फेयन्सच्या दागिन्यांचे मातीचे साचेही ढिगाने मिळाले, द्राक्षांचे घोस, फुलं, पाकळ्या, असं सगळं ओवून गळ्यातले रुंद हार बनायचे.

काचेला रत्नांची स्वस्त नक्कल म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. तुतनखामेनच्या सोन्याच्या मुखवट्यावर भुवया लाजवर्दाच्या, म्हणजे निळ्या रत्नदगडाच्या, आहेत पण डोक्यावरच्या वस्त्राचे निळे पट्टे काचेचे आहेत, म्हणजे राजाच्या चेहऱ्यावर दोन्ही शेजारी-शेजारी, आणि अमार्नात सापडलेल्या राजदरबारच्या पत्रांत अश्कलोन शहराचा शासक यिद्या फॅरोच्या मागणीवरून काच पाठवल्याचं लिहितो, हलक्या वस्तूसाठी कोण असा पत्रव्यवहार करेल?

पुढे इजिप्तची काच बाहेरही जायला लागली. तुर्कस्तानजवळ १९८२ मध्ये सापडलेल्या उलुबुरुनच्या बुडालेल्या जहाजात काचेच्या सुमारे १७५ लगडी होत्या, त्यातल्या तपासलेल्या कोबाल्ट-निळ्या काचेची घडण अमार्नाच्या काचेशी जुळते. आणि डेन्मार्कमध्ये ओल्बी इथे ओकच्या खोडात पुरलेल्या एका बाईच्या दंडावरच्या अंबरच्या (झाडाच्या दगड झालेल्या राळेच्या) मण्यांत एकच निळा काचमणी होता, तोही तपासणीत इजिप्तचाच निघाला.